रातपाळीची पोर

अंगणवाडीत अचानक शांतता झाली की मला धडकी भरते. एरवी माणसाला शांतता बरी वाटते. पण खोलीभर पोरं असताना आवाज येत नसेल, तर कुणीतरी भिंतीचा रंग खातंय नाहीतर कुणाच्या तरी नाकात हरभरा अडकलाय, हे ठरलेलं. गोंगाटाचं मला काही वाटत नाही. गोंगाट म्हणजे पोरांची पोटं भरलेली आहेत, असा माझा सरळ हिशोब आहे.

आमचं गाव सुरतेजवळच्या पलसाण्याच्या बाजूचं. हायवेच्या एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला कापड रंगवणाऱ्या मिला. गावातल्या शेतकऱ्यांनी उसाच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांच्या ओळी बांधल्या आणि भाड्यानं दिल्या. त्यात बहुतेक आपली खानदेशची माणसं, धुळे-नंदुरबारकडची. त्यामुळे माझ्याकडे निम्मी पोरं गावातली आणि निम्मी या ओळींतली. गाणी गुजरातीत, माझं रागावणं मराठीत, पोरांची भांडणं अहिराणीत, आणि तालुक्याहून कुणी बघायला आलं की सगळं हिंदीत. माझे वडील रेल्वेत होते. मी सुरतेतच वाढले, मराठी शाळेत शिकले आणि लग्न होऊन इकडे आले. अहिराणी मी इथेच शिकले, पोरांकडून. सुरुवातीला ओळीतल्या बायका आधी माझं आडनाव विचारायच्या. आम्ही बौद्ध आहोत हे कळलं की त्यांच्या पोरांना दोन-चार दिवस ताप यायचा. मग पोरांसाठी केलेल्या सुखडीचा, गव्हाच्या पिठाच्या गूळ घातलेल्या वड्यांचा, वास ओळीपर्यंत पोचायचा आणि ताप उतरायचा. मी कधी काही बोलले नाही, पण राग यायचा तो यायचाच.

माझ्या जोडीला तेडागर बेन आहे. पोरांना घरोघरून बोलावून आणणारी, भरवणारी, धुणारी-पुसणारी, ती तेडागर. ती गावातलीच, माझ्यापेक्षा वयानं मोठी. कुणाचीही भीडभाड न ठेवता बोलते. आम्ही एकमेकींना बेन म्हणतो आणि दिवसातून एकदा तरी भांडतो. एकमेकींवाचून आमचं पान हलत नाही हेही तितकंच खरं.

ही पोरगी आली ती दिवाळीनंतर. तीन वर्षं पूर्ण होऊन गेली होती, पण मांडीवर घेतली तर दीड वर्षाचं लेकरू वाटावं इतकी हलकी. वजन केलं तर काटा धोक्याच्या रंगात. आई बाविशीतली असेल, अंगानं पोरीइतकीच बारीक, घरी बसून साड्यांना खडे चिकटवायचं काम करणारी. बाप मिलमध्ये जेट मशीनवर, जिथं उकळत्या रंगात कापड फिरतं तिथं. आईनं पोरीला दारात सोडलं आणि खाली बघत सांगितलं की ती बोलत नाही. कानात कुजबुजते कधीतरी, पण बोलणं म्हणतात तसं बोलत नाही.

मी म्हटलं, इथे आली की बोलेल. मुक्याही भिंती बोलायला लागतात इथे.

ती बोलली नाही. रडलीसुद्धा नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. पहिल्या दिवशी जे पोर रडत नाही त्याच्यावर मी डोळा ठेवून असते. ती कोपऱ्यात बसायची. कुणी तिचा ठोकळा ओढून घेतला तर देऊन टाकायची. बाकीची पोरं गाण्यावर नाचायला लागली की दोन्ही कान झाकून घ्यायची. आणि खाणं म्हणाल तर त्याचा काही मेळच लागत नव्हता. काही दिवस ती वाटीभर खिचडी चाटून पुसून खायची. मग असे काही दिवस यायचे की आल्या आल्या चटईवर पेंगायची, जेवण वाढेपर्यंत गाढ झोपलेली असायची, आणि बेन तिला तशीच खांद्यावर टाकून घरी पोचवून यायची. एका महिन्यात कमावलेलं वजन दुसऱ्या महिन्यात जायचं.

मी आईला बोलावून झापलं. रात्री मोबाईल हातात देता का, घरी न्यायला दिलेली पाकिटं कुणाच्या घशात घालता, सगळं विचारलं.  ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली, आणि मग तिनं भलतंच सांगितलं. पोर आता अखाजीपर्यंतच, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंतच, अंगणवाडीत येणार आहे. अखाजीला तिघं गावी जाणार, पोरीला तिथं आजीकडे ठेवणार आणि ही दोघं परत येणार. आजीनं फोनवर सांगितलं होतं की पोर मुकी आहे, तिच्यावर काहीतरी आहे, गावाजवळच्या भगताकडे बसवू, दोन-तीन वर्षं इकडे राहू दे. नवऱ्याने हो म्हटलं होतं. हिला कुणी विचारलं नव्हतं.

तिला रडायचं होतं, पण तिला रडायचाही आवाज नव्हता.

आरोग्यवाले आले तेव्हा त्यांच्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या पाठीमागे टाळी वाजवली. पोर झटकन वळली. कान ठणठणीत आहेत, जिभेलाही काही झालेलं नाही, खाऊ-पिऊ घाला आणि तिच्याशी भरपूर बोला, असं सांगून त्या पुढच्या गावाला गेल्या. मी आणि बेन तिच्याशी इतकं बोललो की आमचे घसे सुकले. ती आमच्या तोंडाकडे बघत बसायची.

संक्रांत होऊन गेली होती. त्या दिवशी खिचडीला उशीर झाला आणि पोरांनी थाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी आवरलं नाही. भूक लागल्यावर पोरानं थाळी वाजवावी, त्यात काय चुकलं? कोपऱ्यात पेंगत असलेली ती पोरगी त्या आवाजानं उठली. शेजारच्या दांडगट पोराजवळ गेली, त्याच्या थाळीवर दोन्ही हात ठेवून वाकली आणि त्याच्या कानात म्हणाली, "गप. पप्पा जपेल शे."

मी दोन हातांवर होते म्हणून ऐकू आलं. पप्पा झोपलेत. तिचा पप्पा तिथून पाऊण मैलावर होता. तिच्या आवाजात भीती नव्हती. एखादी शहाणी बाई पाहुण्यांसमोर दुसरीला खुणेनं सांगते, तसं ती त्या पोराला समजावत होती. मी पळी बेनच्या हातात दिली आणि म्हटलं की तू वाढ, मी येते जाऊन. बेन म्हणाली की जाताना डोकं घरी ठेवून जा, नाहीतर भांडून येशील.

दुपारचे बारा वाजत आले होते. ओळीत शिरले तर कसलाच आवाज नाही. बायका होत्या, पण सगळ्या दाराबाहेर सावलीला बसून काही ना काही निवडत होत्या आणि एकमेकींशी नुसत्या ओठांनी बोलत होत्या. मी मोठ्यानं हाक मारणार तेवढ्यात एकीनं हात वर केला. पोरीच्या आईची खोली टोकाला होती. खिडकीवर गोधडी टांगलेली. आत अंधार, पत्र्याची ऊब आणि घामाचा खारट वास. बाप जमिनीवर उताणा झोपलेला. आई दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात साडीला खडे चिकटवत होती. गॅसवर कुकर होता, तयार करून ठेवलेला, पण गॅस बंद.

तिनं मला बाहेर आणलं आणि कुजबुजत सांगितलं. हे सगळं ती इतक्या सहज सांगत होती की मला आधी त्यात वावगं काय हेच कळेना. मिलमध्ये पाळी बारा तासांची. काही दिवस दिवसपाळी, काही दिवस रातपाळी. रातपाळी असली की तो सकाळी येतो आणि संध्याकाळपर्यंत झोपतो. कुकरची शिट्टी झाली की जागा होतो, म्हणून स्वयंपाक तो उठल्यावर. तोवर पोरीला चहा आणि खारी. घरधनी जेवला नाही तोवर भांड्याला हात लावायचा नाही, ही सासूची शिकवण होतीच, ती इथे सोयीची पडली. आणि पोरीनं दिवसा किरकिर करू नये म्हणून हिनंच तिला वळण लावलं होतं. रातपाळीच्या दिवसांत ती पोरीला रात्रभर जागी ठेवायची, खेळवायची, तेही शेजारी झोपलेत म्हणून हळू आवाजात. म्हणजे दिवसा बापाबरोबर पोरही झोपेल. पोर तान्ही होती तेव्हापासून हे चाललं होतं. बापाची पाळी बदलली की पोरीचीही बदलायची.

मी चिडले. मी म्हटलं, माणसाची झोप पोरीपेक्षा मोठी झाली का?

 मग तिनं समोरच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथल्या माणसाला मागच्या उन्हाळ्यात रात्री मशीनवर डुलकी लागली होती आणि त्याचा हात मनगटापर्यंत पोळला होता. आता तो गावी बसून होता. "हात गया, ते पोट गयं, ताई," ती म्हणाली. एवढं एकच वाक्य ती जरा स्पष्ट बोलली, आणि लगेच मागे वळून नवरा हलला का ते बघून आली.

मी तशीच परत फिरले. भांडायला गेले होते पण भांडायला कुणी सापडलं नाही. वाटेत मला रडू आलं. कुणी मारत नव्हतं, कुणी उपाशी ठेवत नव्हतं. सगळे एकमेकांना जपत होते आणि त्यात ती पोर वाळत चालली होती. शिवाय गावी नेऊन ठेवली असती तर तिथे तिला जन्मभर मुकी म्हणूनच ओळखलं असतं. एकदा गावानं नाव ठेवलं की ते धुऊन जात नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

मिलच्या सुट्टीच्या दिवशी मी आणि बेन बापाला गाठायला गेलो. माणूस भला होता. त्यानं आम्हाला खाट टाकून दिली, स्वतः उंबऱ्यावर बसला, बायकोला चहा ठेवायला लावला. मी त्याला सगळं सांगितलं. थाळीवर हात ठेवून पोर काय म्हणाली, तेही. त्यानं आधी मानलंच नाही. आपण पोरीला कधी गप्प बस म्हटलेलं नाही, एक चापटही मारलेली नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. ते खरंही होतं. त्यानं कधी म्हटलं नव्हतं. रातपाळीच्या दिवसांत तो झोपलेला आणि पोर गप्प. दिवसपाळीच्या दिवसांत तो रात्री यायचा तेव्हा पोर झोपलेली. पोरीचा आवाज त्याच्या कानावर कधी पडलाच नव्हता, म्हणून त्याच्या आईनं फोनवर मुकी म्हटल्यावर त्याला ते पटलं होतं.

आता करायचं काय, असं त्यानं आम्हालाच विचारलं. मग बेननं तोंड उघडलं. ओळीच्या मागे बायका-पोरांशिवाय राहणाऱ्या ओडिशाच्या सड्या माणसांची मोठी खोली आहे, मेस म्हणतात तिला. तिथे निम्मे दिवसपाळीला, निम्मे रातपाळीला असतात. एक उठून कामाला गेला की त्याच पथारीवर दुसरा येऊन आडवा होतो. दिवसा तिथे एखादी पथारी हमखास रिकामी मिळते, मिळत नसेल तर मी मिळवून देते, असं बेन म्हणाली. रातपाळी असेल तेव्हा तू तिथे झोप आणि तुझ्या बायकोला शिट्टी वाजवू दे.

त्याचा चेहरा उतरला. बायको-पोर घरात असताना माणसानं परक्याच्या पथारीवर जाऊन झोपायचं? ओळीतले काय म्हणतील? बायकोनं घराबाहेर काढला म्हणतील. गावी कळलं तर आई जेवणार नाही. एवढं सगळं तो आम्हाला सांगत होता आणि आत त्याची बायको चहा गाळता गाळता थांबली होती. मी तिच्याकडे बघितलं. ती काही बोलणार नाही हे मला माहीत होतं, आणि तरी मला तिचा राग आला. मग मीच बोलले. म्हटलं, पोरीला दोन-तीन वर्षं परक्यासारखं ठेवायला निघालात, तुम्हाला दिवसाची झोप परक्या पथारीवर जड जाते?

तो चहा न पिताच उठून गेला. बेन म्हणाली, डोकं घरी ठेवायला सांगितलं होतं ना.

पण पुढच्या रातपाळीला तो मेसमध्ये गेला. ओळीत हसं झालं, व्हायचंच होतं. पाण्याच्या नळावर बायका त्याच्या बायकोला चिडवायच्या, घरात नको असेल तर नवरा आमच्याकडे पाठव म्हणून. दोन-तीन दिवस ती पाण्यालाच गेली नाही. मग एका सकाळी अकराच्या सुमाराला तिच्या खोलीतून कुकरची शिट्टी झाली आणि अख्ख्या ओळीनं माना वळवल्या. बेननं हे मला येऊन सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा होता, जणू शिट्टी तिनं स्वतः वाजवली होती.

काटा हलू लागला. पोर रात्री झोपायला लागली, दिवसा खायला लागली, मोड आलेल्या मुगाचा तिनं फडशा पाडला. होळी आली तेव्हा तिच्या गालांना जरा गोलाई आली होती. पण आवाज नाही. ओठ हलायचे, गाण्याचे हातवारे सगळे बरोबर करायची, आणि गळ्यातून मात्र हवा. कुजबूज आता बेनच्या आणि माझ्या कानापर्यंत आली होती, त्यापुढे सरकत नव्हती. अखाजी जवळ येत चालली. बापानं गाडीची तिकिटं काढली. झोपायला जागा बदलली तरी त्याचं गावाकडे ठेवायचं ठरलेलं बदललं नव्हतं. आईला शब्द दिलाय, असं तो म्हणायचा. पोर धडधाकट झाली, पण बोलत नाही ते नाहीच, आता भगताकडे दाखवून तरी बघू.  मी चडफडत बसायची, घरी आमच्या माणसावर राग काढायची.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. पोरांना लवकर सोडायचं ठरलं. सुखडीचा तुकडा एकेकाच्या हातात देऊन बेन ओळीकडच्या पोरांना घेऊन निघाली आणि मीही सोबत गेले, कारण मला त्या पोरीच्या आईला निदान एकदा भेटायचं होतं. परवा त्यांची गाडी होती. मेसच्या मागच्या भिंतीशी आलो. तिथे घरमालकाची शेळी मोकळी फिरत असते. पोरीनं सुखडी खाल्ली नव्हती, आईला दाखवायला मुठीत जपून धरली होती. शेळी आली, तिनं मान पुढे केली आणि पोरीच्या हातातली सुखडी अलगद उचलून नेली.

पोरीनं आधी रिकाम्या हाताकडे बघितलं. मग शेळीकडे. आणि तिनं जो आवाज काढला, तो मी आजही सांगू शकत नाही कसा होता. चिरका, उंच, सगळा जीव ओतलेला. "मनी सुखडी! बकरी मनी सुखडी लई गई!" एकदा नाही, सुटली ती सुटलीच. ओळीतल्या बायका धावल्या. पुढची पोरं थांबून बघायला लागली. बेननं कपाळाला हात लावला आणि ती तिथेच मातीत बसली.

मेसचं दार उघडलं. पोरीचा बाप बाहेर आला, लुंगी सावरत, डोळे लाल, केस विस्कटलेले. झोपमोड झालेल्या माणसाचा संताप त्याच्या तोंडावर मावत नव्हता. तो आमच्याकडे बघून खेकसला, "कोनी पोर शे ती? घर नही का तिले?"

बेन खाली बसल्या बसल्या म्हणाली, "तमारी ज छे, भाई."

त्याला कळायला वेळ लागला. मला वाटतं, त्यानं आधी पोर ओळखली आणि आवाज नंतर जोडला. त्याला बघून पोर तत्क्षणी गप्प झाली. तोंड उघडंच राहिलं, आवाज मात्र गेला. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. आता हा ओरडला तर ती पुन्हा कधी तोंड उघडणार नाही हे मला स्वच्छ दिसत होतं.

"आखो वरड, माय," तो म्हणाला. पुन्हा ओरड.

ती बघत राहिली. मग त्यानं स्वतःच शेळीकडे तोंड करून बोंब ठोकली, भर दुपारी, भिंतीपलीकडे दहा-बारा माणसं झोपलेली असताना. आतून हिंदीत आणि ओडियात शिव्या आल्या. त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही, पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा पोरगी त्याच्या जोडीनं ओरडली. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसतही नव्हता. मीही रडले, सगळ्यांसमोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

अखाजीला ते गेले. शब्द दिला होता म्हणून भगताकडेही गेले, असं नंतर कळलं. तिथे पोरगी त्याच्या ओट्यावरचा नारळ पाहिजे म्हणून इतकी भांडली की आजीनंच तिला उचलून घरी आणली आणि ठेवून घ्यायचं पुन्हा नाव काढलं नाही. झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसून गावातल्या पोरींबरोबर अखाजीची गाणी म्हणत ती दिवसचे दिवस काढायची, शब्द येत नसले तरी. परत आल्यावर आई तिला कडेवर घेऊन अंगणवाडीच्या दारात उभी राहिली आणि कसनुसं हसली. मी पोरीला म्हटलं, बोल की आता. तिनं तोंड उघडलं, पण नुसती घरघर बाहेर आली. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता.